एकट्या पुरुषाला प्रवेश नाही

तिरुवल्लिकेणी, चेन्नई
२ जून २०२५

चि. विद्युलतेस,
अनेक आशीर्वाद.

करर्र... खट्! सेल्वम लॉजच्या परमिट रूमचं ते झुलतं अर्धं दार अजून माझ्या कानात वाजतं. दारूबंदीचे दिवस. बिअर प्यायची तर परवाना हवा, परवान्याला डॉक्टरचा दाखला हवा. तिशीही न गाठलेले आम्ही दोघे बँकेतले कारकून, मी आणि तंजावरच्या मराठी घरातला कृष्णस्वामीराव, सरकारदरबारी चक्क आजारी होतो! दर शनिवारी खिडकीजवळचं टेबल, एक बाटली, दोन ग्लास आणि शाळेतल्या कविता. चरण म्हणताना जो अडखळेल त्याचा उरलेला ग्लास दुसऱ्याचा. त्याच्या तमिळ हेलातलं शार्दूलविक्रीडित ऐकायला वेटरही ट्रे धरून थांबे. पुढे बंदी उठली, सरकारी दुकानं आली, माणसं रस्त्यातच घशात ओतून पळू लागली. आम्ही मात्र बसून, बोलत, चवीनं घेतली.

फेब्रुवारीत तो गेला. त्यानंतर परवा पहिल्यांदा तिकडे गेलो, तर लॉजचं तारांकित हॉटेल आणि परमिट रूमचा पब झालेला! दारावरच्या धिप्पाड पोरानं अडवलं. म्हणाला, आजोबा, इथे स्टॅग चालत नाही. म्हणजे सोबत बाई नसलेला पुरुष. इंग्रजीत स्टॅग म्हणजे शिंगं उगारलेला हरिण. माझे गुडघे बघता ही स्तुतीच. पण चौदा तारखेला कृष्णस्वामीचा वाढदिवस आहे, आणि शनिवारही. त्या खिडकीत त्याच्या नावानं ग्लास भरणार म्हणजे भरणार.

हट्टी भावावर लोभ ठेव.
तुझा दादा

नाशिक
७ जून २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हसता हसता ठसका लागला. आठवतं, लग्नाआधी मला हॉटेलात डोसा खायचा तर तुला धरून न्यावं लागे, आणि तरी मालक आपल्याला फॅमिली रूमच्या पडद्याआड ढकलायचा! बाईला आत शिरायला पुरुष लागे. आता तुला बाई लागते. घे अनुभव!

पण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पोरासोरांसमोर विनवण्या नकोत, दादा. घरीच घे, दार लावून. म्हणजे कृष्णस्वामींच्या कनकावहिनींच्याही कानावर जायचं नाही. त्या शेजारच्या गल्लीत राहून अजून तुझ्याशी बोलत नाहीत ना? नवऱ्याला तू प्यायला शिकवलंस, असंच त्या समजतात. आणि त्यांचे सगळे शनिवार तू नेलेस, हे तर खरंच आहे.

गुडघे सांभाळ. बहिणीचं एखादं तरी ऐकत जा.
तुझी विद्युलता

तिरुवल्लिकेणी, चेन्नई
१४ जून २०२५

चि. विद्युलतेस,
आशीर्वाद, पण जरा रागानं.

दार लावून? परवाना होता तेव्हाही आम्ही पुढच्या दारानं गेलो. आता म्हातारपणी चोरून पिऊ?

बुधवारी मॅनेजरला भेटलो. पोरगा सभ्य. खालच्या हॉटेलात फिल्टर कॉफी फुकट देतो म्हणाला. मी म्हटलं, कॉफी मला गल्लीत मिळते, खिडकी मिळत नाही. पोरींकडे पाठ करून बसेन, हवं तर खुर्ची भिंतीला बांधा. नियम म्हणजे नियम, म्हणाला. मग मीही सांगून आलो की शनिवारी सहाला येतो. आत घेतलं नाही तर उंबऱ्यावर उभा राहून अख्खी कविता खड्या आवाजात म्हणेन. तुमचं ते धडधड संगीत जिंकतं की माझा कंठ, बघूच. ही वार्ता आता गल्लीभर झाली आहे. इस्त्रीवाल्यानं सदरा कडक करून दिला.

थांब, बेल वाजली.

विद्युलते, दारात कनकावहिनी आहेत. एकट्याच, गर्द निळ्या रेशमी लुगड्यात. मी बसा म्हटलं तर त्यांच्या तंजावरी मराठीत मलाच दटावलं, की बसायला वेळ कुठे आहे, सहा वाजत आले. मला माफ केलेलं नाही, हेही लगेच बजावलं. पण त्यांच्या माणसाला वाढदिवसाच्या दिवशी त्या खिडकीतून कुणी हाकलायचं नाही, म्हणाल्या. आणि त्याचा ग्लास कुणी प्यायचा, ते तिथे गेल्यावर त्या ठरवतील.

मी चपला शोधतो आहे. आज तुझा लोभ आम्हा दोघांना लागेल.
दादा