केबल परत जोडली

प्रिय बाळा,

केबल मी परत जोडून घेतली आहे. तू बसवून गेलास ती इंटरनेटची काळी डबी कपाटात टाकली आहे, येशील तेव्हा घेऊन जा. आजकाल केबल कोण ठेवतं, असं हसत म्हणून मला न विचारता तू ती बंद केलीस. हे पत्र रागानेच लिहिते आहे, तेव्हा उगाच गोड मानून घेऊ नकोस.

कोण ठेवतं ते सांगते. झटका आल्यापासून तुझ्या बाबांची वाचा गेली, उजवा हात गेला, पण डाव्या अंगठ्याला सगळ्या वाहिन्यांचे आकडे पाठ आहेत. चहा हवा असला की स्वयंपाकाची वाहिनी लागते. पाठ दुखली की कुस्ती. मी शेजारणीकडे फार वेळ रमले की बातम्यांमधली भांडणं, तीही आवाज वाढवून. माझ्यावर रुसले की दिवसभर भांडी विकणारी ती बाई, कारण मला तिचा तिटकारा आहे हे त्यांना पक्कं ठाऊक. धडधाकट होते तेव्हाही इतकं बोलले नव्हते रे माझ्याशी.

तुझ्या डबीला आकडेच नाहीत. रिमोटवर एक बटण आहे, ते दाबून हवं ते बोलायचं म्हणे. ज्याची वाचा गेली त्याने बोलायचं. बाबा ते बटण दाबून घशातून आवाज काढत राहिले आणि पडद्यावर 'पुन्हा बोला' येत राहिलं. शेवटी रिमोट भिंतीवर फेकला. तुला फोन केला, तर होईल सवय, म्हणालास. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं?

दूरदूरच्या शहरांचं हवामान दाखवणारी एक वाहिनी आहे. रोज संध्याकाळी ते ती लावायचे आणि तुझ्या शहरातलं पाऊसपाणी कळेपर्यंत हलायचे नाहीत. ती तुझी चौकशी असायची. मग मी तुला फोन लावायचे, आणि तुला वाटायचं आईला करमत नाही. केबल येऊन आठवडा झाला. चहा मागून झाला, माझ्याशी भांडूनही झालं, पण ती वाहिनी लावत नाहीत. काल मीच लावली, तर त्यांनी टीव्ही बंद केला. निघताना त्यांच्या खुर्चीपाशी उभा राहून तू म्हणाला होतास, बाबांना आता काय कळतंय. त्यांना कळलं. आता ये, आणि त्याच खुर्चीपाशी उभा राहून माफी माग. फोनवर चालणार नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
आई