पाच वाजलेच नाहीत

शिगे, मी रडले नाही. हे आधी नीट वाच आणि मग पुढच्या ओळीवर ये. टीव्हीवरच्या त्या मालिकेत मी डोळा पुसताना दिसले, म्हणून तू सगळ्या गोतावळ्याला फोन लावून "आमची ताई रडली हो" असं सांगत सुटलीस. मला ते आमच्या मासेवालीकडून कळलं. सख्ख्या बहिणीची अब्रू माशांबरोबर घरी यावी, हे तुला शोभत नाही.

आता रीतीचं. थंडी ओसरली, प्लमच्या झाडाला फुलं आली. तुझे गुडघे कसे आहेत? (फोन करायला गुडघे लागत नाहीत, हे कळलंच.) तुझी नात चिनात्सू ते व्हायोलिन अजून छळते का? मी ठीक आहे. तुझे भावोजी अंगाने ठणठणीत आहेत. डोक्याचं तुला ठाऊकच आहे.

तर झालं असं. गेल्या शरदात बागेतली संत्री पिवळी पडायला लागली आणि ही मालिकावाली मंडळी बोट भरून आमच्या बेटावर उतरली. गोष्ट म्हणशील तर एक पियानोवाला पोरगा, एक व्हायोलिनवाली पोरगी. दोघांचं एकमेकांवर प्रेम, पण सांगायला तोंड दोघांनाही नाही, म्हणून आठवडेच्या आठवडे नुसते वाजवत बसतात. (माझ्या वेळी मध्यस्थ बाई आली, चहा प्याली, आणि कप वाळायच्या आत लग्न ठरलं. कोणी काही वाजवलं नाही.) पोरगी धक्क्यावर मावळत्या उन्हात वाजवतेय आणि सगळं गाव ऐकतंय, असं त्यांना हवं होतं. गाव म्हणजे आम्ही. प्रत्येकाला भाताचा एक गोळा आणि एक हुकूम, की हलायचं नाही.

पण त्यांना हवं तसं ऊन पडतं नेमकं पाचला, आणि रोज पाचला गावकचेरीचा खांबावरचा कर्णा घरी परतायचं गाणं लावतो. ते गाणं तू विसरली नसशील. ते लागलं की पोरांनी खेळ टाकायचा, बायकांनी वाळलेले कपडे काढायचे, बागेतल्यांनी कात्री खिशात घालायची. पहिल्या दिवशी पोरगा तिचा हात धरणार, तोच कर्णा सुरू झाला. दिग्दर्शक गळ्यातला पंचा चावायला लागला. दुसऱ्या दिवशी त्याने कचेरीत जाऊन कर्णाच बंद करवून घेतला.

मी कचेरीत जाऊन विचारलं, मग आमच्या म्हाताऱ्याला घरी कोण आणणार? तिथला कारकून म्हणाला, "आज्जी, एका संध्याकाळने काय बिघडतंय!" शिगे, तोकुजी माझं नाव विसरला, जेवला की नाही ते विसरतो, पण ते गाणं कानावर पडलं की असेल तिथून उठतो आणि पाय त्याला दारात आणून सोडतात. दुसऱ्या कशाने येत नाही. माझ्या हाकेने तर नाहीच.

आणि त्या दिवशी पाच वाजलेच नाहीत. तुला कसं सांगू, संध्याकाळ आली आणि परत जायची विसरली. पोरं खेळतच राहिली, त्यांच्या सावल्या लांब होत होत पाण्यात उतरल्या. समोरची बाई दोरीवरच्या चादरीला हात लावून तशीच उभी. घार सुद्धा एकाच जागी तरंगत होती. सूर्यालाही कोणीतरी सांगायला हवं होतं, तोही संत्र्यासारखा फांदीला लटकून राहिला. सगळं गाव पिवळ्या पाण्यात बुडाल्यासारखं गप्प. (मला असलं काही आवडत नाही. माझा भात चुलीवर होता.)

तोकुजी सापडला धक्क्याच्या टोकाला, दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसलेला, थेट कॅमेऱ्यासमोर. मी म्हटलं, चल घरी. तर म्हणतो, "बाई, अजून पाच वाजले नाहीत. आणि तुमच्याबरोबर जाताना कोणी पाहिलं तर माझी बायको फार तोंडाळ आहे."

मी शेजारीच बसले. काय करणार? दिग्दर्शक ओरडत होता. व्हायोलिनवाली वाकून म्हणाली, "काय झालं आज्जी?" मी सांगितलं. आता गुपित ऐक, तिला वाजवता येतच नाही. ती नुसता गज फिरवते, आवाज मागून दुसरं कोणी भरतं. ती कानात म्हणाली, "मला एकच गाणं येतं. आमच्या गावातही पाचला हेच लागायचं." आणि तिने ते वाजवलं. देवा रे! गोठ्याचं दार बरं.

तोकुजी उठला. मागची धूळ झटकली. आणि त्याच्या मागे सगळं गाव उठलं, हातात अर्धा भाताचा गोळा घेऊन घरी निघालं! पोरं पळाली, चादर उतरली. त्यांचा दिवा धरणारा माणूसही कुठल्यातरी खेड्यातला असावा, दिवा खाली ठेवून चार पावलं चालून गेला बिचारा. दिग्दर्शक एकटाच "थांबा, थांबा" करत राहिला. कॅमेरा तेवढा चालू होता. तोकुजीने माझा हात धरला (मी धरला नाही, नीट बघ) आणि म्हणाला, "चला, नाहीतर ती ओरडेल."

तेच तू पाहिलंस. वरून त्यांनी सतरा वाद्यांचा गोड पाक ओतला, म्हणून तुला रडू आलं. स्वतःचं माझ्या नावावर घालू नकोस.

तुझी ताई,
इने

ता. क. वारा समुद्रावरून होता. मीठ उडतं. एकाच डोळ्यात गेलं.

ता. क. कामाचं राहिलंच. त्या दिवसापासून तोकुजी कर्ण्याला उठत नाही. मान तिरकी करतो, "हे आपलं नव्हे" म्हणतो आणि अंधार पडेपर्यंत गारठ्यात बसून राहतो. मी गाऊन पाहिलं, तर "बाई, लोक ऐकतायत" म्हणाला. चांगल्या व्हायोलिनची तबकडी लावली, तर झोपला. त्याला तसंच करकरणारं हवं. चिनात्सूच्या वाजवण्याला मी गोठ्याचं दार म्हटलं होतं म्हणून तू रुसली होतीस. मी शब्द मागे घेत नाही, म्हणून तर तीच पाहिजे. वसंताच्या सुट्टीत व्हायोलिन घेऊन पाठव. पाचचं गाणं तेवढं बसवून घ्यावं. तोवर शिकवणी बंद ठेव, सुधारली तर माझ्या काही कामाची नाही.

ता. क. येते की नाही, हे चिनात्सूने तिच्या हाताने लिहायचं. तू पाकिटावर पत्ता घाल आणि बाजूला हो.