'धूळभेट'ची चूक-दुरुस्ती

हार्लन फोर्ड, ओहायो
४ मार्च १९९१

ती. आर्डिथताईस,
लोवेलचा शि. सा. न. वि. वि.

सोबत आमच्या क्लबासाठी मी काढतो त्या 'धूळभेट' पत्रिकेच्या वसंत अंकाची पानं पाठवतो आहे. लाल पेन्सिल घेऊन बस. इतकी वर्षं हायस्कुलात टायपिंग शिकवलंस आणि निवृत्त झाल्यावर सगळा राग माझ्या स्वल्पविरामांवर काढतेस, हे मी जाणून आहे. तरी पाठवतो. मागे एकदा तुला न दाखवता छापलं, तर 'धूळ ओढण्याची ताकद'च्या जागी 'धूळ ओतण्याची ताकद' गेलं, आणि आमच्या क्लबातले लोक ते अजून विसरलेले नाहीत. जुने व्हॅक्यूम क्लीनर जमवणारा माणूस काहीच टाकून देत नाही, दुसऱ्याची चूक तर मुळीच नाही.

अध्यक्ष गेलॉर्ड प्रुइट यांनी त्यांच्या नव्या यंत्रावर एवढा लांबलचक लेख पाठवला की मला कात्रीच चालवावी लागली. त्यांच्या पत्नी म्हणाल्या म्हणे, की यातलं चौथाई कौतुक माझ्या वाट्याला आलं असतं तर मी बहिणीकडे महिनाभर राहायला गेले नसते.

तिसऱ्या पानावरचं 'कानपरीक्षा' हे आवाजावरून यंत्र ओळखायचं माझं सदर नीट बघ. विस्कॉन्सिनच्या व्हर्ला स्टेनर्सन नावाच्या नव्या सभासद आहेत. त्या लहान असताना आई दर शनिवारी घर झाडायची, तेव्हा वडिलांनी हौसेने त्याचं ध्वनिमुद्रण केलं होतं. आई गेली, यंत्र कधीच भंगारात गेलं, फीत तेवढी राहिली. तिची कॅसेट करून त्यांनी मला पाठवली आहे. हे यंत्र कोणतं ते सांगा, म्हणजे तसंच एक शोधून घेईन, असं त्यांनी लिहिलंय. मी उत्तर छापतो आहे : सिल्व्हर कॉमेट, शंकाच नाही.

आमचा फोन जरा बिघडलाय. करू नकोस, पत्रच लिही.

गालिच्यावरची धूळ जशी कितीही झाडली तरी उरते, तसा लोभ उरावा.
तुझा,
लोवेल

ग्रीनले, आयोवा
१२ मार्च १९९१

चि. लोवेल यास,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

पानं परत पाठवते आहे. लाल रंग पाहून घाबरू नकोस, त्यातला काही टोमॅटोचा रस आहे. प्रुइटांच्या लेखातला 'देखणी नळी' हा शब्दप्रयोग मी काढलाय. काहीतरी मर्यादा हवी.

सिल्व्हर कॉमेट 'तृप्त मांजरासारखं गुरगुरतं', असं तू लिहिलंस. मागच्या अंकात दुसरंच यंत्र तृप्त मांजरासारखं गुरगुरत होतं. मी आजही केरसुणीने झाडते, मला तुमच्या यंत्रांतलं काही कळत नाही; पण वेगवेगळ्या आवाजांची बारा-बारा ओळींची वर्णनं करणारा माझा भाऊ एकाच मांजरावर कधीपासून भागवायला लागला?

दुसरी गोष्ट. रविवारी मी तुला फोन केलाच. कुणी उचलला नाही, म्हणून काळजीने शेजारच्या कोवालिकबाईंना केला. त्या म्हणाल्या की तू व्हरांड्यात बसून पानं चिकटवत होतास, तुझा फोन एवढा खणखणत होता की त्यांचा कुत्रा भुंकायला लागला, पण तू मान वर केली नाहीस. माझ्यावर रागावला असशील तर तसं लिही. वेगळं काही असेल तर तेही लिही. कानांवर हात ठेवू नकोस.

जेवणाची आबाळ करू नये. तुझी बेर्निस गेल्यापासून तू उभ्याउभ्याच जेवतोस, हेही मला कोवालिकबाईंकडूनच कळतं.
तुझी,
आर्डिथ

हार्लन फोर्ड
२० एप्रिल १९९१

ती. ताईस, सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. अंकाची गडबड होती. चर्चच्या कॉपी यंत्राने मधली पानं उलटी काढली, ती सगळी सुटी करून पुन्हा लावली. पास्टरबाई मदतीला बसल्या होत्या आणि वाचता वाचता त्यांनाही एक जुनं यंत्र घ्यावंसं वाटायला लागलं. रोग संसर्गजन्य आहे.

प्रुइटांनी जुलैतल्या मेळाव्यात कानपरीक्षेच्या स्पर्धेचा परीक्षक हो म्हणून गळ घातलीय. डोळ्यांना पट्टी बांधून नुसत्या आवाजावरून यंत्र ओळखायचं, ही ती स्पर्धा. मी वर्षानुवर्षं जिंकत आलो, म्हणून आता परीक्षक. मी कळवलं की गुडघा दुखतो, यायला जमणार नाही. त्यांनी उलट टपाली विचारलं, तू गुडघ्याने ऐकतोस का?

रागावलो बिगावलो नाही. कोवालिकबाईंचा कुत्रा कशावरही भुंकतो.

लोभ आहे तसा असू दे.
लोवेल

हार्लन फोर्ड
९ मे १९९१

ताई,

आज नमस्कार-चमत्कार मागाहून.

व्हर्ला स्टेनर्सन यांचं पत्र आलं. माझं उत्तर वाचून त्या केंटकीपर्यंत गाडी हाकत गेल्या आणि एक सिल्व्हर कॉमेट घेऊन आल्या. घरी लावून पाहिलं, तर आवाज अजिबात जुळेना. पत्रात तक्रारीचा शब्द नाही, ताई. तीच तर पंचाईत आहे. त्या लिहितात : "तुम्ही जाणकार, तेव्हा तुमचं चुकणार नाही. फीतच जुनी होऊन आवाज बिघडला असणार. मग त्या फितीवरचं आईचं गुणगुणणंही आता तिचं राहिलेलं नाही, असंच म्हणायचं. मी फीत पेटीत ठेवून दिली आहे. इतकी वर्षं भलत्याच कुणाचं तरी ऐकत होते."

मी ती फीत ऐकलीच नव्हती. म्हणजे लावली, स्पीकरला कान चिकटवून बसलो, आणि समुद्राकाठी वाऱ्यात उभं राहिल्यासारखं काहीतरी भुसभुसलं, तेवढंच. गेल्या शरदापासून असं आहे. आधी पक्षी गेले, मग फोन, मग मोटारींचे वरचे सूर. डॉक्टरने यंत्र दिलंय कानात घालायला. त्याने समोरच्याचं बोलणं थोडं कळतं, पण कोवालिकबाई आणि त्यांचा कुत्रा यांत फार फरक राहत नाही. व्हर्लाबाईंनी पत्रात यंत्राचा रंग चंदेरी लिहिला होता, त्यावरून मी सिल्व्हर कॉमेट ठोकून दिलं. मांजराचं काय ते तुला कळलंच आहे.

कान हीच माझी क्लबातली सगळी पत होती. ती राखायला मी एका बाईची आई तिच्यापासून काढून घेतली. संपादकपद सोडतो आहे. प्रुइटांना प्रकृतीचं कारण लिहीन.

लोवेल

ग्रीनले
१४ मे १९९१

चि. लोवेल, आशीर्वाद.

प्रकृतीचं कारण लिहायचं नाही. खोटं कारण एकदा देऊन झालं, गुडघ्याचं.

आधी व्हर्लाबाईंना लिही, आजच. तू ऐकलं नव्हतंस, फितीत काही खोट नाही, एवढं दोन ओळींत लिही आणि स्वतःच्या दुःखाचा पाल्हाळ लावू नकोस. मग ती कॅसेट मला पाठव. मला यंत्रांतलं कळत नाही, पण माझे कान शाबूत आहेत आणि मला लिहिता येतं. मी ऐकते, लिहिते, तू वाच.

सात महिने तू हे माझ्यापासून लपवलंस, हा हिशेब वेगळा. तो भेटीत चुकता करीन.
आर्डिथ

ग्रीनले
२८ मे १९९१

चि. लोवेल यास, अ. उ. आ. वि. वि.

कॅसेट मिळाली. स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून पुन्हापुन्हा ऐकली. चुकलं तर हसू नकोस.

सुरू होताना खोकल्यासारखं होतं, एल्मरकाका प्रार्थनेच्या आधी घसा साफ करायचे तसं. मग आवाज चढतो, किटली उकळायला लागते तसा, पण शिट्टीपर्यंत पोचत नाही. खालीच राहतो आणि तिथे पसरतो. त्याच्या पोटात आणखी एक आवाज आहे. सायकलच्या चाकाला पुठ्ठा अडकवून आपण फिरायचो, तसा. पण सरळ फडफड नाही, लंगडी. एक जोरात, मग हलकं, मग जोरात. बाई यंत्र गालिच्यावरून लाकडी जमिनीवर आणते तेव्हा लंगडणं जास्त ऐकू येतं.

आणि त्या लंगड्या तालावर ती गुणगुणते. लक्षात आलं का? तिचं गाणं यंत्राच्याच तालावर आहे. ते जोरात म्हणतं तिथे ती सूर उचलते. शेवटी बटण बंद होतं, यंत्र थांबतं, ती मात्र गात राहते. मग कुणीतरी हसतं आणि फीत संपते.

यातून काही निघतं का बघ. मला तर गालिचा झाडावासा वाटला, हे मोठंच लक्षण.

जेवत जा. बसून.
तुझी ताई

हार्लन फोर्ड
३ जून १९९१

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि उभ्याउभ्या ओरडलो. कोवालिकबाई कुंपणाशी आल्या.

ती डेझी आहे! साधी, स्वस्त, गल्लोगल्ली विकली गेलेली डेझी, जिला आमच्यातले लोक दारातसुद्धा घेत नाहीत. चंदेरी रंगात निघालेली. एल्मरकाकांचा खोकला तिचाच. पण लंगडणं डेझीचं नाही. तिच्या पंख्याचं एक पातं तुटलेलं असणार. कधीतरी शिवणाचं अंगुस्तान किंवा खिळा गालिच्यातून आत ओढला गेला, पात्याचा टवका उडाला, आणि ती बाई तशीच वापरत राहिली. म्हणजे व्हर्लाबाईंनी अगदी खरी डेझी शोधून आणली असती, तरी आवाज जुळला नसता. चांगलं यंत्र तसं वाजणारच नाही.

माझ्या गॅरेजात सुट्या भागांसाठी ठेवलेल्या डेझी आहेत. व्हर्लाबाईंनी माफीच्या पत्राला उत्तर दिलंय, माझ्या कानांची चौकशी केलीय, पण यंत्राचा विषय काढलेला नाही. त्यांना मी एक डेझी देणार आहे. पण त्यांच्या आईच्या यंत्रासारखीच लंगडणारी.

म्हणजे मला एक धडधाकट पंखा मोडावा लागेल. ज्या माणसाने जुन्या यंत्रात ढवळाढवळ करू नये म्हणून 'यंत्राला कानस लावणारा हात' या नावाचं संपादकीय लिहून अर्ध्या क्लबाशी भांडण ओढवून घेतलं, तो हे करणार. आणि बरोबर मोडला की नाही, हे मला कळणार नाही. ताई, तू येशील का? लाल पेन्सिल आणू नकोस.

तुझी वाट बघणारा,
लोवेल

ग्रीनले
२४ जून १९९१

चि. लोवेल यास, अनेक आशीर्वाद.

घरी सुखरूप पोचले. कपड्यांचा तेलाचा वास दोनदा धुऊनही जात नाही आणि शेजारणी विचारतात की मी भावाकडे गेले होते की पेट्रोल पंपावर.

तुझं गॅरेज अजून डोळ्यांसमोर येतं : मी तुझ्या स्टुलावर बसून एका हाताने कॅसेट लावतेय, दुसरा हात वर-खाली करतेय, आणि तू समोर कानस घेऊन माझ्या हाताकडे बघतोयस. कोवालिकबाईंना वाटलं मी तुला वाद्यवृंदात भरती करतेय. पहिल्या पंख्याचं पातं जास्त उडालं तेव्हा तुझा चेहरा असा झाला होता, की मला वाटलं आता हा पंख्याला पुरायला निघतो. दुसऱ्याला तू नुसतं चाटून चाटून घासलंस.

एक तुला तिथे सांगितलं नाही. जुळलं तेव्हा मी हात खाली ठेवला आणि तू माझ्याकडे बघत राहिलास, खूण कळेना म्हणून. मला खूण करवेना. दोन्ही एकत्र वाजत होतं, टेबलावरची कॅसेट आणि जमिनीवरची डेझी, आणि कोणतं कुठून येतंय ते कळत नव्हतं. फक्त गाणं एकीकडूनच येत होतं.

तुझ्या चूक-दुरुस्तीचा मजकूर वाचला. पहिल्या पानावर, चौकटीत, तसाच छाप : "मागील अंकात श्रीमती स्टेनर्सन यांचे यंत्र सिल्व्हर कॉमेट असल्याचे छापले होते. ते चूक होते. संपादकाने फीत ऐकली नव्हती, कारण संपादकाला ऐकू येत नाही. फीत खरी आहे. तिच्यावरचे सगळे खरे आहे." 'कारण'च्या आधीचा स्वल्पविराम बरोबर आहे. आश्चर्य वाटलं.

मेळाव्याला जा. गुडघा बरा आहे, मी पाहिलाय.
ताई

हार्लन फोर्ड
५ ऑगस्ट १९९१

ती. आर्डिथताईस,
लोवेलचा कानापासून पायापर्यंत नमस्कार. वि. वि.

मेळावा पार पडला. चौकट सगळ्यांनी वाचली होती. मी दारात शिरलो. प्रुइट समोर आले आणि माझ्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाले की आयुष्यभर या यंत्रांच्या शेजारी बसल्यावर आमच्यातल्या अर्ध्यांना ऐकू येत नाही, कबूल करणारा तू पहिला. मग एक एक जण येऊन हळूच आपापल्या कानाबद्दल सांगायला लागला. हळूच सांगितल्यामुळे मला त्यातलं फारसं कळलं नाही, पण मी सगळ्यांना हो म्हटलं.

संपादकपद माझ्याकडेच ठेवलंय त्यांनी. 'कानपरीक्षा' मात्र तुझ्याकडे आली. तुझ्या पत्रातला एल्मरकाकांचा खोकला मी अंकात छापला होता, त्यावर सगळे खूश आहेत. आता लोक तुला फिती पाठवतील. माझा नाइलाज आहे, तुझा पत्ता मी दिलाय.

व्हर्लाबाई मेळाव्याला आल्या नव्हत्या, म्हणून डेझी टपालाने पाठवली. पंख्याबद्दल चिठ्ठीत काही लिहिलं नाही, फक्त आधी लावून पाहा म्हटलं. परवा त्यांचं पत्र आलं.

शनिवारपर्यंत त्या थांबल्या. यजमान आर्ने अंगणात होते. जन्मभर दुग्धालयात यंत्रं दुरुस्त केलेला माणूस. आवाज ऐकून ते पेचकस घेऊन घरात आले आणि म्हणाले, बंद कर, पंख्याचं पातं तुटलंय, माझ्याकडे बसेल असा पंखा आहे, दोन मिनिटांचं काम. व्हर्लाबाई लिहितात की लग्नाला एवढी वर्षं झाली, पण त्यांच्याशी मी कधी अशा आवाजात बोलले नव्हते. त्या म्हणाल्या, "त्याला हात लावायचा नाही."

आर्ने जिन्याच्या पायरीवर बसले. बाईंनी सबंध घर झाडलं, खालपासून वरपर्यंत. सकाळी एकदा झाडून झालं होतं, तरी. आणि जिन्याशी आल्यावर नवऱ्याने विचारलं, हे कुठलं गाणं, तू कधीपासून गायला लागलीस?

पत्र लिहीत जा. फोन आता खरंच बिघडलाय, पण त्याची आपल्याला गरज नाही.

तुझाच,
लोवेल