पाचवी पट्टी

३ मार्च २००४, इल्फर्ड
केमोनं यूनिसचे केस गेले! ऑफिसात अकरा वर्षं शेजारी बसतोय आम्ही. जानेवारीत डावा स्तन काढला, तेव्हाही हीच आम्हाला हसवत होती. आज दार उघडलं तर डोक्याला किचन टॉवेल.
“बघतेस काय? डाळ आणलीस ना?”
स्कार्फ टोचतात म्हणे.

४ मार्च
आईची पांढरी साडी काढली. विहारात जाताना नेसायची ती. धुऊन धुऊन सायीसारखी झालेली. हात थांबला — मग फाडलीच. पाच पट्ट्या. चार यूनिसला डोक्याला बांधायला, एक माझ्या उशाखाली.
मैत्रीण नीना फोनवर, “अगं, आजारी बाईला पांढरं देतात का?” आमच्यात पांढरं शुभ, किती वेळा सांगू हिला! पण यूनिसच्यात?

७ मार्च
पट्ट्या दिल्या. तिनं नुसती बोटं फिरवली. आवडल्या की नाही?
तेवढ्यात तिच्या चर्चमधल्या बायका आल्या. सगळ्या तिच्यासारख्याच जमैकाच्या, एकमेकींना सिस्टर म्हणणाऱ्या. कुणी सूप गरम केलं, कुणी डोक्याला तेल लावलं. सिस्टर पर्ल म्हणाली, “आपण काळ्या बायका! याहून मोठं पचवलंय आपण.” यूनिस सगळ्यात मोठ्यानं हसली. मी कोट घातला. कुणी थांब म्हणालं नाही.
आईलाही सगळे खंबीर म्हणायचे. दुखतं का, कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

१४ मार्च
डोक्याला पर्लचा पिवळा स्कार्फ. माझी पट्टी नाही.

१५ मार्च
आजही नाही. नवरा म्हणतो, “सरळ विचार की.” काय विचारू? माझ्या आईची साडी कुठे टाकलीस?

२१ मार्च
विचारलं. यूनिसनं कपाटातून खोका काढला — हॉस्पिटलनं दिलेला खोटा स्तन. फिकट गुलाबी. वर लिहिलंय, ‘स्किन कलर’.
“कुणाची स्किन?” म्हणाली. मला वाटलं, आता हसेल.
रडली! अकरा वर्षांत पहिल्यांदा. “सिस्टर्सपुढे नाही गं जमत. मी रडले तर त्या कुणाकडे बघतील?”
पाठीवर हात ठेवून बसले. पट्ट्यांचं राहूनच गेलं.

२२ मार्च
पर्लचा फोन. “तुझं ते कापड — कॉफीत तीनदा बुडवलं, आता अगदी यूनिसच्या रंगाचं झालंय. तिला स्तन शिवतेय मी. तिनंच सांगितलं, यापेक्षा मऊ काही नाही. पण भरायला थोडं कमी पडतंय गं. आणखी आहे?”
आहे, म्हटलं.