दगडाची खालची बाजू

आई, दगडाची खालची बाजू बघून आले. कधी एकदा तुला सांगते असं झालंय. दुबईत, अल नहदाच्या घरी हे लिहायला बसले तर लेक विचारते, "मम्मा, व्हेअर विल यू पोस्ट इट?" म्हटलं, कुठेच नाही.

अल मनखूलच्या आपल्या जुन्या घराच्या स्वयंपाकघरातलं ते कॅलेंडर आठव. बाबांच्या ऑफिसातल्या वेल्सच्या साहेबांनी दिलेलं. दर महिन्याच्या पानावर तिकडच्या चर्चमध्ये हजारेक वर्षं जपलेला एकेक कोरीव दगड. नोव्हेंबरच्या दगडावर क्रूस आणि त्याखाली गुंतत गेलेली नक्षी. तू ओट्यापाशी उभी राहून तिच्यावरून बोट फिरवतेस आणि म्हणतेस, "अगं, ही सगळी एकच रेघ आहे." दिवाळीला दाराबाहेर, लिफ्टसमोरच्या टाइल्सवर तीच रांगोळी. पण चित्राचा तळ तारखांच्या चौकटींखाली गेलेला. रोज कोलम काढणाऱ्या शेजारच्या तमिळ काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "दीदी, ये नीचे जुड़ता नहीं. खलास, छोड़ दो." तू कसली सोडतेस. सणाला रेघ उघडी ठेवायची नाही, म्हणून मनानंच एक वळण काढून तू दोन्ही टोकं जोडलीस, आणि मग बाबांच्या मागे लागलीस, "साहेबांना विचारा ना, खाली खरं कसं आहे?" बाबा म्हणाले, "मीटिंगमध्ये रांगोळीचं विचारू?" विचारलं नाहीच. पुढे शेवटच्या आजारपणातही तुला तेच टोचत होतं, आपण बरोबर जोडलं की नाही.

गेल्या महिन्यात ऑफिसनं ट्रेनिंगला इंग्लंडला पाठवलं. सुट्टीच्या दिवशी मी ट्रेन, मग बस करत वेल्समधल्या त्या दगडाच्या गावात. चित्राखाली छापलेलं गावाचं नाव मी कधीच विसरले नव्हते. दगड भिंतीशी उभा, पुढ्यात फुलांचा स्टँड. चर्चची देखरेख करणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी तो सरकवला. मी फरशीवर गुडघे टेकले आणि बोट न टेकवता रेघेमागून खाली गेले. आई, तळाशी ती जुळतच नाही. दोन टोकं तशीच तोडलेली. "जागा संपली असणार कोरणाऱ्या बिचाऱ्याची," बाई म्हणाल्या. मला इतका आनंद झाला की चर्चमध्ये मोठ्यानं हसले. तू चुकली नव्हतीस. त्यानं अर्धवट सोडलं, ते तू पुरं केलंस.

तसं मी बाईंना सांगितलंही. त्यांनी माहितीपत्रकाची कोरी बाजू पुढे केली, दाखव बघू म्हणाल्या. काढत काढत तळाशी आले आणि तुझं वळण काही केल्या आठवेना. शेवटी मनानंच एक काढून टोकं जोडली. बाईंनी तो कागद दगडाशेजारी टाचून ठेवलाय, खाली लिहिलंय, 'दुबईतल्या एका आईनं पूर्ण केलेलं'. ते वळण माझं आहे, आई. मी त्यांना सांगितलं नाही.