ताईसाठी मागची खोली

७ नोव्हें., शुक्र.
ताई परवा येतेय. सातवा लागला, पहिलं बाळंतपण माहेरी. ओळीने तीन खोल्या, त्यात चौथं माणूस, पाचवं वाटेवर.
आई म्हणाली, "पुढची खोली देऊ पोरीला. उजेड हाय, वारा हाय."
डोकं सटकलं. "आणि मी कुठे झोपू? तांदळाच्या डब्यांवर?" स्टूलला लाथ घातली. आईच्या पायावर गेलं असतं. थोडक्यात चुकलं.
खरं कारण सांगणार कुणाला? पुढच्या खिडकीतून समोरच्या व. ची गॅलरी दिसते. तिचा फोन भाऊ तपासतो. कॉलेज माझं सुटलं. तिच्यावरून वाकडं बोलला त्या पोराला मी हाणलं, प्रिन्सिपल माफी माग म्हणाले, नाही मागितली. वर्ष अर्धवट टाकून भिवंडीबाहेर वडप्याला गोडाऊनमध्ये लागलो. उरली एक खिडकी.
मीच सगळ्यांना मागच्या खोलीत नेलं. "बघा, किती शांत आहे." तिघं गप्प उभे राहिलो. खरंच चिडीचूप. बाबा म्हणाले, "झोप लागेल पोरीला."
बाबा कापडाच्या कारखान्यात जॉबर, लूम लावणारा माणूस. पलंगही तसाच लावला. फरशीवर खडूने चार कोपरे आखले, दोरी धरली, उशाकडून उजेड यावा म्हणून दोनदा पुसून पुन्हा आखले. मी भिंत रंगवली. पोपटी. अर्धा डबा उरलेला होता.

९ नोव्हें., रवि.
ताई आली. केवढी झालीय! रिक्षातून उतरताना माझा खांदा धरला, खांदा अजून जड आहे.
खोली बघून म्हणाली, "पोपटी?"
म्हटलं, "तुझं पोर पोपट निघणार, भाऊजींसारखं."
हसली. बाबा खडूच्या रेघा दाखवत होते, पलंग एक बोटही हलला नाहीये बघ. मध्येच ताई म्हणाली, "अजून चालू असतात का हे?"
आई म्हणाली, "काय गं?"
"काही नाही."

१० नोव्हें., सोम.
व. गॅलरीत सात दहाला. कपडे वाळत घालायला एवढा वेळ लागतो होय? एकच ओढणी तीनदा झटकली. ड्युटीला उशीर. सुपरवायझर भुंकला. भुंकू दे.

१२ नोव्हें., बुध.
ट्रक आला नाही, दुपारीच सुटलो. आई राहनाळला मामाकडे गेलेली, बाबा कारखान्यात. मधल्या खोलीत ताई फरशीवर झोपलेली, ओट्याखाली, सिलिंडरला डोकं टेकून. कानात कापूस.
घाबरलो. हलवली.
"तुष्या, ओरडू नको. बरी आहे मी." मग म्हणाली, "मागे झोपच लागत नाही रे. भिंतीपलीकडे लूम आहेत ना. पलंग थरथरतो. बाळ पण दचकतं."
लूम! एकवीस वर्षं ती भिंत आमची आणि कारखान्याची एकच आहे. आम्हाला ऐकूच येत नाही. आणि खोली आम्ही बघितली शुक्रवारी. शुक्रवारी भिवंडीतले सगळे लूम बंद.
रोह्याला सासरी तिच्या घरामागे नुसती वाडी. दोन वर्षांत तिचे कान सुटले, आमचे बसले.
"सांगितलं का नाहीस?"
"बाबांनी खडूने आखून लावलाय पलंग. कसं सांगू?" वर म्हणाली, "आणि तुझ्या खिडकीचं काय? मला काय दिसत नाही का?"
शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही.

१३ नोव्हें., गुरु.
ताई अंघोळीला गेली तेव्हा तिच्या पलंगावर पडून बघितलं. कान लावला आणि सुरू झालं. खटखट खटखट. फळीवरचा पेला ताटलीला लागून वाजतोय. दहा मिनिटांत उठलो.
व. ने आज केस मोकळे सोडलेले. मला दाखवायला की वाळवायला? दिवसभर तेच.
गप्प बसलो तर कुणाला काही कळणार नाही. ताई बोलणार नाही. फक्त दोन-तीन महिने.
असा विचार करणारा माणूस मी आहे, हे लिहून ठेवतो.

१४ नोव्हें., शुक्र.
रजा टाकली. शपथ मोडली. बाबांना सांगितलं.
"आवाज? कुठला आवाज?"
"लूमचा, बाबा!"
"त्याला काय आवाज म्हणतात?"
मी चढलो. "तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून पोरीने सिलिंडरला टेकून झोपायचं का?" बोललो आणि जीभ चावली. तीस वर्षं लूममध्ये, त्यांचा डावा कान गेलाच आहे. बाबा भिंतीशी गेले, तळवा ठेवून उभे राहिले. भिंत आज गप्प.
म्हटलं, "चूक माझी. मागची खोली मीच तुमच्या गळ्यात मारली."
ताई रडायला लागली, "तुला सांगू नको म्हटलेलं ना!" आई पदर खोचून म्हणाली, "रडताय काय? उचला पलंग."
पलंग दारातून निघेना. बाबांनी नट काढले, मी फळ्या नेल्या. पुढच्या खोलीत पुन्हा खडू, पुन्हा दोरी. ह्यावेळी एक टोक मी धरलं. शेवटी आईने खिडकीला जाड पडदा लावला, वर खिळे ठोकले. "बाळंतिणीला वारा बाधतो. आता सवा महिना होईस्तोवर न्हाय काढायचा."
सवा महिना बाळ झाल्यावर मोजायचा. म्हणजे...

१६ नोव्हें., रवि.
मागे मी, तांदळाचे डबे आणि पोपटी भिंत. आता लूम ऐकू येतात, थांबतच नाहीत. ताई दहा दहा तास झोपते.
व. ला काय वाटत असेल? तोंड लपवतोय? खाली रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. तिचा भाऊ आला. हात शिवशिवले. परत फिरलो. ताई घरात आहे, आता भांडण नको.

१९ नोव्हें., बुध.
सेकंड शिफ्ट. दुपारी घरी होतो. व. आणि तिची आई ताईला बघायला आल्या, नारळाच्या करंज्या घेऊन. मी मधल्या खोलीत, दाराआड.
तिची आई म्हणाली, "छान केलीत हो खोली. आधी कोण असायचं इथे?"
ताई म्हणाली, "माझा भाऊ. माझ्यासाठी मागे गेला."
मग व. चा आवाज, चार महिन्यांनी. "मागे तर लूम आहेत ना?"
आईने चहाचा ट्रे माझ्या हातात दिला. "जा, नेऊन दे." तिला काय माहीत, काय नाही, देव जाणे.
गेलो. व. ने कप घेतला, वर बघितलं नाही. तिच्या आईने मला बघितलं, मग तिला, मग अर्धा चहा ठेवून उठली. "चल गं, उशीर झाला."
व. उठली नाही. फुंकून फुंकून पीत बसली. तिची आई दारात चप्पल घालून उभी, तरी संपवला पूर्ण.
त्या गेल्या. ह्याचा अर्थ काय धरायचा, ताईला विचारायला वळलो. ताई झोपली होती.