आण्णाप्पाच्या भिंतीचा दोष माझा

मी, केदारी रवळू, धंदा गवंडीकाम, वय अदमासे अडुसष्ट, राहणार वडगाव, बेळगावनजीक, हातपाय थकले असले तरी डोके ठिकाणावर असताना, कोणाच्या भरीस न पडता, माझ्या मागे काय व्हावे ते आज लिहवून ठेवतो. माझे बोलणे कागदावर उतरवणारे ज्योतिबा मास्तर शाळेत शिकवतात. भाषा नीट करा, पण मजकूर मऊ करू नका, असे मी त्यांना बजावले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. माझे राहते घर मी स्वकष्टाने बांधले आहे. त्याचा पूर्वेकडचा निम्मा भाग, विहिरीच्या पाण्याच्या हक्कासह, माझी धाकटी बहीण मनुबाई, कैलासवासी आण्णाप्पाची बायको, हिला द्यावा. पश्चिमेकडचा निम्मा भाग माझा मुलगा गुंडू याला. लग्न होऊन गेलेल्या बहिणीला निम्मे घर कशाला, असे भाऊबंद विचारतील. त्यांनी पुढचे कलम वाचावे.

कलम २. आमचे घराणे हातमागावर विणणाऱ्यांचे. मला मागाच्या खड्ड्यात पाय सोडून दिवसभर बसणे जमेना, म्हणून मी गवंड्याच्या हाताखाली गेलो. मनूला मात्र विणणाऱ्याच्याच घरी दिली. आण्णाप्पाचा हात असा, की साडीचा काठ दोरी लावल्यासारखा सरळ यायचा. सन १९१९ साली त्याने गावाच्या कडेला काळ्या रानात जागा घेतली आणि घर बांधायचे काम माझ्यावर सोपवले. पाया दोन हात खणला तरी खाली काळीच माती होती. आण्णाप्पा चरात उतरून म्हणाला, "पाव्हणं, मुरूम लागंपातूर जाऊया की. ही माती उन्हाळ्यात लई भेगाळती. शेतात बैलाचा पाय अडकतोय."

मी वर उभा राहून हसलो. "तू साडी विण, भित माझ्यावर सोड," म्हणालो. तोवर माझ्या हातून बरीच घरे उभी राहिली होती आणि ते माझ्या डोक्यात गेले होते.

दुसऱ्याच उन्हाळ्यात न्हाणीकडच्या भिंतीला कोपऱ्यापासून तिरकी भेग गेली. मनू म्हणाली, "दादा, चैतात ह्या फटीत माझी फणी जाती, आन् श्रावणात सुई जात न्हाय. भित हालतीया."

ती अडाणी, पण तिने बरोबर ओळखले होते. मी शहाणा, म्हणून दर उन्हाळ्यात भेग उघडली की तीत चुना ठासून भरत गेलो. पावसात माती फुगायची, फटीला मिटायला जागा नसायची आणि भिंत वर्षाला बोटभर बाहेर सरकायची. आतली जमीनही उचलली. मागाचे खांब तिरके झाले, साडीचे काठ वाकडे येऊ लागले आणि व्यापारी माल परत पाठवू लागला. आण्णाप्पा बिचारा आपलाच हात उलटसुलट करून बघत बसायचा. जमीन हलते आहे हे मला कळायला हवे होते. मी मात्र त्याला वैद्याला डोळे दाखवून ये म्हणालो.

सन १९२३ च्या श्रावणात भर दुपारी ती भिंत मागावर पडली. आण्णाप्पाने मनूला बाजूला ढकलले, म्हणून ती वाचली. त्याचा उजवा हात मनगटापासून चिरडला.

गल्ली गोळा झाली. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "ह्यानं मागाचा खड्डा भितीच्या मुळाशी खणला, म्हणून गेली ती." हे खोटे होते. खड्डा भिंतीपासून चार हात लांब होता आणि ती जागा मीच आखून दिली होती. दगडाखालून नुकताच काढलेला आण्णाप्पा माझ्याकडे बघत राहिला. त्या दिवसापासून गल्लीत तो आपले घर आपल्या हाताने पाडणारा माणूस ठरला.

पुढच्या थंडीत मी एकटा पहार घेऊन गेलो आणि पायाशेजारी खणले. न्हाणीच्या बाजूची माती मळलेल्या कणकेसारखी ओली होती, दुसऱ्या टोकाची कोरडी फुटलेली. एक टोक फुगत होते, एक आकसत होते आणि भिंत दोघांच्या मधे सापडली होती. मुरूम पाच हातांवर लागला. आण्णाप्पा चरात उभा राहून सांगत होता, तिथून आणखी तीन हात खाली.

मग ते घर मी दुरुस्त केले. उरलेल्या भिंती पाडल्या नाहीत. खालून दोन-दोन हातांचा तुकडा खणून मुरुमापर्यंत गेलो आणि दगड-चुन्याने भरून वर आलो. एक तुकडा वाळल्याशिवाय शेजारचा उघडला नाही. आतली काळी माती काढून मुरूम ठोकून बसवला. न्हाणीचे पाणी दगडी गटारातून लांब नेले आणि घराभोवती बाहेर उतार देऊन फरशी घातली. सहा महिने लागले. माग सरळ झाला. त्यावर मनू बसली आणि आण्णाप्पा शेजारी बसून तिला काठ सांगू लागला. तो मनूला रोज मला चहा द्यायला लावायचा. मी रोज ठरवायचो, आज गल्लीत खरे सांगायचे. बारा वर्षे ठरवत राहिलो.

तो १९३५ साली गेला. दिवस झाल्यावर मनूला मी विचारले, ह्यानं तोंड का उघडलं नाही? ती म्हणाली, "ते म्हनायचे, 'मी खरं बोललो तर तुझं म्हायार तुटंल. ऱ्हाऊ दे.'"

म्हणून लिहून देतो, की ती भिंत माझ्या उथळ पायामुळे आणि माझ्या हट्टामुळे पडली. आण्णाप्पाचा त्यात काडीचाही दोष नव्हता. माझ्या तेराव्याला हे कलम त्याच्या गल्लीत मोठ्याने वाचावे. गुंडूने वाचावे. लाज वाटली तर वाटू दे.

कलम ३. थापी, ओळंबा, गुण्या, पहार ही हत्यारे गुंडूची. मोठी शिडी शेजारी मष्णूने चार वर्षांपूर्वी नेली आहे. ती आता त्याचीच समजावी, कारण मागून मागून मी थकलो.

कलम ४. येळ्ळूर रस्त्यालगतचा जमिनीचा तुकडा गुंडूला. तिथे घर बांधायचे त्याच्या मनात आहे. बाळा, ती जागाही काळी आहे. चर खणून झाला की आत्याला घेऊन जा. तिने खालचा मुरूम हातात घेऊन "व्हय" म्हटल्याशिवाय पहिला दगड बसवू नको. ती म्हणाली अजून खाली, तर खाली जा. हसू नको.

पुरवणी. वरील मजकूर वाचून झाल्यावर मनुबाई म्हणाली, साक्षीला माझा अंगठा घ्या. मास्तर म्हणाले, ज्याला मिळायचे त्यानेच साक्ष घातली तर उद्या कोणी हरकत घेईल.

"मग घरातनं माझं नाव काढा," ती म्हणाली. "घर न्हाय मिळालं तर न्हाय. हे कागदावर आलंय, त्याला साक्ष मीच ऱ्हाणार."

मी पुष्कळ समजावले. ऐकली नाही. सबब कलम १ मधील पूर्वेकडचा भाग मनुबाईऐवजी तिची मुलगी अंबूबाई हिला द्यावा. आईला कसे सांभाळायचे हे अंबूला लिहून द्यायची गरज नाही.

मुक्काम वडगाव, तारीख १४ मार्च १९३८.

केदारी रवळू, सही दस्तुर खुद्द.

लिहिणार: ज्योतिबा मास्तर.

साक्ष: परसू मारुतीराव, शेतकरी, राहणार येळ्ळूर. सही.

साक्ष: मनुबाई कोम आण्णाप्पा विणकर. डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी. "विणकर" हा शब्द तिच्या सांगण्यावरून ठळक अक्षरात लिहिला आहे.